साहेबाची तारीख आणि नऊ मुके तंबोरे

इंग्लंडची पार्लमेंट मी मिरजेत, तंतुवाद्यांच्या एका कारखान्यात, जवळजवळ वर्षभर एकट्याने चालवली. सभापती मीच, पंतप्रधान बाई मीच आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवरून कोकलणारे खासदारही मीच. सभापतीच्या खांद्यावर कारखान्याच्या मालकाच्या सुनेची ओढणी, समोर टेबल म्हणून उपडा भोपळा आणि हातात कानस. "ऑर्डर! ऑर्डर!" असं मी बेंबीच्या देठापासून ओरडलो की गल्लीतली एक-दोन माणसं घाबरून आत डोकावायची आणि "सर आलेत व्हय" म्हणून निघून जायची.

हे सगळं मी हौसेनं केलं, ते आधीच कबूल करतो. कुणी बळजबरी केली नव्हती.

मी मूळचा वाईचा. सांगलीत इंग्रजी शिकवायला आलो तो इथलाच झालो. सांगलीत नाटकात काम करणं हा छंद नसतो, साथीचा आजार असतो. मला तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी लागला. एका प्रयोगाला सतार हवी होती, म्हणून मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. पहिल्या दारात बसलेल्या माणसाने मला नीट न्याहाळलं आणि आतून एक तडकलेली, तारा नसलेली सतार आणून दिली. "तुमच्या हातात हीच बरी दिसंल," म्हणाला. मी विचारलं, "वाजते का?" तो म्हणाला, "तुमी वाजवणार हाय का?"

तेव्हापासून ते माझे चाचा. ते साठीच्या आत होते, मी तिशीत. गाण्यातलं मला शून्य कळतं. टाळ्या कुठं वाजवायच्या तेसुद्धा मी शेजारच्याचे हात बघून ठरवतो. पण त्या कारखान्यातला चहा मला आवडला, लाकडाच्या भुशाचा वास आवडला आणि मी टिकलो. बदल्यात त्यांची परदेशची इंग्रजी पत्रं मी लिहायला लागलो. मग ईमेल आले, तेही माझ्याकडे आले.

परदेशचं मोठं गिऱ्हाईक एकच. इंग्लंडमध्ये त्याचं वाद्यांचं दुकान होतं. माणूस गुजराती, वाढलेला आफ्रिकेत, स्थायिक झालेला लंडनपासून दोन तासांच्या गावात. पण मिरजेत तो लंडनवालाच. आमच्याकडून घेतलेल्या वाद्यांपैकी निम्मी तो तिकडे विकायचा आणि निम्मी समुद्रापलीकडे, हॉलंड-जर्मनीच्या संगीतशाळांना. आजवर हे सगळं एकच अंगण होतं. इंग्लंडच्या बंदरात पेटी उतरली की पुढे तिला कुणी अडवत नसे.

दोन हजार अठराच्या दिवाळीत त्याने नऊ तंबोरे मागितले. पाच बायकांच्या आवाजाचे, चार पुरुषांच्या.

आता ह्या घराची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. तंबोऱ्याच्या तारा ज्या छोट्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीने केसाकेसाने असा घासायचा की तार तिला नुसती टेकत नाही, तिच्यावर लोळते. मग एका तारेतून दहा आवाज निघतात. ह्याला जवारी काढणं म्हणतात. ती काढेपर्यंत तंबोरा मुका. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे कानस एकदा जास्त फिरली की घोडी गेली. तर ह्या घरात जवारी काढायची ती वाद्य दाराबाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी. आधी नाही. गिऱ्हाईक गावातलं असेल तर त्याला समोर बसवून. परदेशचं असेल तर पेटी भरायच्या आदल्या सकाळी.

"का हो?" मी एकदा विचारलं होतं.

"बोलायला शिकवायचं आणि मग तोंड बांधून फडताळात ठेवायचं? रुसतंय ते," चाचा म्हणाले. "माझ्या आज्याची रीत हाय. तुमी इंग्रजीचं मास्तर, तुमाला काय कळणार रुसवा."

फेब्रुवारीत नऊही तंबोरे तयार होऊन छताच्या आकड्यांना टांगले गेले. दांड्या गुळगुळीत, भोपळे चकचकीत, तारा ढिल्या. आणि लंडनवाल्याचा फोन आला. अजून पाठवू नका. इंग्लंड युरोपच्या बाजारातून बाहेर पडतंय, मार्चअखेरची तारीख आहे, करार झालेला नाही. जहाज नेमकं त्याच दिवसांत पोचेल. निम्मी वाद्यं पुढे न्यायची तर कुठले कागद लागतील ते तिथल्या साहेबालाही माहीत नाही. लाकूड कुठल्या झाडाचं ह्याचा एक दाखला लागेल की दोन, तेही नाही. मागे एकदा कागदासाठी पेटी गोदामात अडकली होती, हीटरशेजारी. सात भोपळे तडकले होते. "मास्टरजी, तारीख पक्की होने दो," तो म्हणाला.

मी हे कारखान्यात मराठीत सांगितलं. चाचांच्या मुलाने विचारलं, "म्हणजे काडीमोड?"

"काडीमोडच. पण नवरा म्हणतो मी चाललो, आणि दारातच उभा आहे."

"मग ढकला की," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. आणि मला प्रेक्षक मिळाला! त्या दिवशी मी पहिल्यांदा ओढणी मागून घेतली.

त्याच आठवड्यात चाचांनी मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "सर, उद्या माझ्यासंगं येताय का? घरात सांगितलंय, तुमच्या नाटकासाठी वाद्य बघायला सांगलीला जातुया म्हणून."

"आणि खरं कुठं जायचं?"

त्यांनी कानावर बोट ठेवलं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. डॉक्टर तरुण होता, अदबीने वागला. चाचांना काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितलं. मी बाहेरून बघत होतो. सुरुवातीला बटण पटापट दाबलं जात होतं. मग चाचा नुसतेच बसून राहिले, अंगठा बटणावर, डोळे मिटलेले. डॉक्टर यंत्राची कळ फिरवत होता आणि आत काहीच होत नव्हतं. कागदावर जी रेघ निघाली ती निम्म्यापर्यंत सरळ होती आणि पुढे खंबाटकीचा घाट उतरावा तशी खाली गेली होती.

"बोलणं ऐकू येईल अजून बरीच वर्षं," डॉक्टर म्हणाला. "वरचे बारीक आवाज मात्र चाललेत."

"बोलणं कुणाला ऐकायचंय?" चाचा म्हणाले.

मी माहिती पुरवली, की ह्यांचं काम त्या वरच्या बारीक आवाजांचंच आहे. डॉक्टरने ती रेघ पुन्हा पाहिली. ऐकण्याचं यंत्र लावून बघू, म्हणाला. चाचांनी ते तिथेच कानात घालून पाहिलं आणि काढलं. "ह्यात सगळं भांडी पडल्यागत ऐकू येतंय." किती दिवस आहेत, ह्यावर डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. वर्ष, कदाचित कमी.

बाहेर रसाच्या गाड्यावर आम्ही उभे राहिलो. चाचांनी ग्लास हातात धरला, प्यायले नाहीत.

"हे नऊ तेवढे झालं पायजेत, सर. बाकी पोरगं करतंय, सतारी चांगल्या करतंय. पण हे भोपळे मी मंगळवेढ्याला नदीच्या वाळवंटात फिरून स्वतः निवडल्यात. तीन वर्षं वाळवल्यात. ह्यांची जवारी माझ्या हातची. मग कानस ठेवली खाली."

"मुलाला सांगा ना."

"त्याला कळलं तर तो मला बसू दील, पण शेजारी उभं राहील. माझ्या तोंडाकडं बघत. मग माझा हात चालंल व्हय?" मग माझ्याकडे वळून, "तुमाला सांगितलं कारण तुमाला सुरातलं काय कळत न्हाई. तुमची भीती न्हाई."

हा मला मिळालेला सगळ्यात मोठा मान. तो मिळाला तो मात्र अडाणीपणासाठी.

त्या मार्चात मी भलताच रंगलो. कॉलेज सुटलं की सांगलीहून बस पकडून मिरज. पंतप्रधान बाई करार आणायच्या, सभागृह तो पाडायचं. पुन्हा आणायच्या, पुन्हा पाडायचं. ह्या बाजूला होय, त्या बाजूला नाही, असे खासदार दोन दारांतून चालत जातात आणि त्यांची डोकी मोजतात, हे ऐकून कारखाना खूश झाला. मी सगळ्यांना उठवून मतदान घेतलं. होयवाले लाकडाच्या ढिगाकडे, नाहीवाले चुलीकडे. चुलीकडे चहा होता म्हणून नाहीवाले भरघोस मतांनी जिंकले.

चाचा कोपऱ्यातल्या पाटावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "सर, हे एवढं भांडत्यात, पण ह्यांचा षड्जच लागलेला न्हाई अजून. गाणं कसलं म्हणत्यात?" सगळे हसले. आणि हशा ओसरला की मला जवळ बोलवून हळूच विचारायचे, "तारीख कवा?"

"अठ्ठावीसला तयारी करा. एकोणतीसला सुटका."

मी हे इतक्या खात्रीने सांगायचो की जणू मला लंडनहून तार येत होती. खरं तर मी पेपर वाचत होतो आणि मोबाइलवर बघत होतो, तुम्ही बघता तेवढंच. पण एकदा राजाची भूमिका केलेल्या माणसाला आज्ञा देण्याची सवय लागते.

तारीख पुढे गेली. दोन आठवडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर चाचांनी एक तंबोरा आकड्यावरून उतरवून मांडीवर घेतला होता. तारा ताणल्या होत्या. घोडीजवळ कानस. मुलगा कोल्हापूरला गेला होता. चाचांचा चेहरा चोरी करताना धरलेल्या माणसासारखा.

"सर, आज कान बरा हाय. सकाळपास्नं. पक्ष्यांचं बी ऐकू आलं. काढून टाकतो सगळ्यांची. रीत गेली खड्ड्यात."

आणि मी, लोक हो, मी काय केलं? मी त्यांच्यासमोर मांडी घातली आणि सुंदर भाषण केलं. म्हणालो, चाचा, तीन पिढ्यांची रीत दोन आठवड्यांसाठी मोडता? आता ह्यापुढे जाणं शक्यच नाही. युरोपवाले वैतागलेत. बारा एप्रिल म्हणजे बारा एप्रिल. तुमच्या आज्याने काय म्हटलं असतं? मी आज्याच्या आवाजातसुद्धा एक वाक्य म्हणून दाखवलं. त्यांचा आजा मी कधी पाहिला नव्हता. पण आवाज बरा जमला असावा, कारण चाचा हसले, कानाच्या पाळीला हात लावून म्हणाले, "बराबर हाय तुमचं," आणि त्यांनी एकेक करून तारा ढिल्या केल्या. तंबोरा परत आकड्यावर गेला.

अशी टाळी मला रंगमंचावर कधी मिळाली नाही. ती मिळाली नसती तर बरं झालं असतं.

बारा एप्रिलच्या आधीच तारीख पुढे गेली. आता ऑक्टोबरअखेर.

ऑक्टोबर ऐकून चाचांनी महिने बोटांवर मोजले. मी पार्लमेंट करून दाखवतो म्हणालो तर म्हणाले, "आज नगं."

उन्हाळा गेला. ऑगस्टात कृष्णा घरात आली. आमचं घर सांगलीत, तळमजल्यावर. बायकोने गॅसची शेगडी पलंगावर ठेवली, मग पलंगच तरंगला, आणि आम्ही मिरजेला चाचांच्या माडीवर सहा दिवस राहिलो. त्या माडीवरच नऊ तंबोरे हलवलेले होते, जुन्या चादरींत गुंडाळून, ओळीने टांगलेले. बायको म्हणाली, "ही नऊ माणसं आपल्याकडं पाठ करून उभी आहेत असं वाटतं." हवेत इतका ओलावा होता की खुंट्या फुगून फिरेनात. चाचा दिवसातून चारदा वर येऊन चादरीवरून हात फिरवायचे.

चौथ्या दिवशी बायकोने मला बाजूला घेतलं. "चाचांना ऐकू कमी येतं का? मी वाटी मागितली, त्यांनी काठी आणून दिली."

"त्यांचं लक्ष नसतं," मी म्हणालो.

"माझ्याच बोलण्याकडं नसतं. तुझं बरोबर ऐकतात. बायकांचं ऐकू येईना झालंय त्यांना."

माझी बायको गणित शिकवते. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ऑक्टोबरात इंग्लंडला नवे पंतप्रधान होते आणि त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं होतं की ह्या वेळी काहीही होवो, तारीख पाळणार. मला ते पात्र फार आवडलं. केस विस्कटले की निम्मं काम होतं. कारखान्यात मी ते केलं तेव्हा हसून हसून एकाच्या हातातून चहा सांडला. मी चाचांकडे बघितलं. तेही हसत होते. पण आधी ते इतरांकडे बघायचे, मग हसायचे. अर्ध्या क्षणाने उशिरा. नटाला प्रेक्षागृहातला असा एक माणूस लगेच सापडतो.

त्या दिवशी मी घरी जाऊन ठरवलं की आता पुरे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "चाचा, वाट नका बघू. आजच काढा जवारी."

"आता तारीख आलीच की पंधरा दिसांवर," ते म्हणाले. "तुमीच म्हणालात, रीत मोडू नये." ह्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "आन् सर, खरं सांगू? आता बसायची भीती वाटतीय. तारीख असली म्हंजे बसावंच लागंल."

तारीख पुन्हा गेली. जानेवारीअखेर.

जानेवारीअखेर इंग्लंड एकदाचं बाहेर पडलं. मी टीव्हीवर बघितलं, काही लोक नाचत होते, काही रडत होते. लंडनवाल्याचा फोन आला. बाहेर पडलो, पण वर्षअखेरपर्यंत सगळं होतं तसंच राहणार. त्यानंतर काय, ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा आत्ता, ताबडतोब पाठवा. "म्हणजे आम्ही वर्षभर कशासाठी थांबलो?" मी विचारलं. तो म्हणाला, "मास्टरजी, ये तो हमारे मंत्री को भी नहीं मालूम." आणि हसला. मीही हसलो, सवयीने.

मंगळवारी ट्रक येणार होता. सोमवारी सकाळी चाचांनी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. मुलाला बंदरावर लागणाऱ्या कागदांसाठी कोल्हापूरला धाडलं, कारागिरांना सुट्टी दिली आणि मला समोर बसायला सांगितलं. खिडकी लावली. गल्लीतला आवाज नको म्हणाले. गल्लीत आवाज नव्हताच.

पहिला तंबोरा बायकांच्या आवाजाचा. त्यांनी तारा ताणल्या, मणी सरकवले, सुरात आणलं. ते अचूक आलं असावं, कारण तिथवर त्यांचे हात ऐकत होते. मग घोडीवर कानस फिरली, फुंकर मारली, तार छेडली. मान तिरकी. पुन्हा कानस. पुन्हा तार. त्यांनी भोपळ्याला गाल लावला. मग डोकं वर करून माझ्याकडे बघितलं.

"बोलतोय का?"

मला काय कळणार? तार वाजत होती. तारेसारखी. "बोलतोय," मी म्हणालो.

"पाण्यावर तेल पसरल्यागत पसरतंय का?"

"तसंच."

ते माझा आवाज ऐकत नव्हते, माझा चेहरा ऐकत होते. मी वीस वर्षं चेहऱ्याचं काम केलंय. डोळे मोठे केले, मान डोलावली, जे मैफलीत इतरांना करताना बघितलंय ते सगळं केलं. पण चाचांना ते पुरेना. त्यांनी आणखी घासलं. पुन्हा छेडलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी आणखी डोललो. आणखी घासलं. घोडीखाली पांढरा भुगा साचत गेला. मला थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं तर खोटं बोललो हे सांगावं लागणार होतं, आणि प्रयोग अर्ध्यावर सोडायचं मला कधी जमलेलं नाही.

सून चहा घेऊन आली. लग्न होऊन ती ह्या घरात पंधरा वर्षांपूर्वी आली. स्वयंपाक करताना तिने जेवढ्या जवाऱ्या ऐकल्या असतील तेवढ्या मोठ्या गवयांनीही ऐकल्या नसतील. ती उंबऱ्यात आली आणि थबकली. चाचांनी तार छेडली. तिच्या कपाळावर आठी आली. एवढीशी, दुधाला वास येतोय का बघताना येते तेवढी.

चाचा माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

"खरं सांग," ते म्हणाले.

ती घरच्या बोलीत बोलली, मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "आब्बा, मगाशी आतून ऐकला तेव्हा बरा होता. आता नुसती तार वाजतेय."

"मगाशी म्हंजे कवा?"

"तुम्ही दुसऱ्यांदा घासलंत तेव्हा. मला वाटलं झाला."

चाचांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता शिव्या देतील. मी त्यासाठी तयारही झालो. त्यांनी कानस पुसली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या बाजूला ठेवली. "चहा घ्या सर, निवतोय," म्हणाले.

मुलगा दुपारी आला. त्याला त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं, "मला आता ऐकू येत न्हाई, तू काढ." त्याने हातातले कागद फडताळावर ठेवले. मग हातपाय धुऊन पाटावर बसला. पहिल्याची घोडी त्याने काढून टाकली, नवी बसवली. बाकीच्या आठांवरही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कानाने कानस फिरवली. चाचा त्या वेळात माडीवर होते. मुलगा वाईट काम करत नाही. सुनेला मी हळूच विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "बरं झालं." आणि चुलीकडे वळली.

मंगळवारी ट्रक आला. पेटीला दोरी आवळताना मुलाने विचारलं, "सर, तुम्हाला किती दिवस माहीत होतं?"

"वर्ष झालं."

"वर्ष," तो म्हणाला. दोरीचं दुसरं टोक त्याने माझ्याकडे फेकलं, मी धरलं. "मला सांगितलं असतं तर मी मागच्या मार्चातच बसवलं असतं त्यांना. शेजारी उभा राहिलो नसतो. आंगणात जाऊन बसलो असतो."

मी दोरी ओढली.

तंबोरे पोचले आणि आठवड्याभरात जगभरची दारं बंद झाली. शाळाही बंद. वर्ष सरल्यावर शाळा हळूहळू उघडल्या तोवर साहेबाचे नवे नियम आले होते: ह्या लाकडाला हा दाखला, समुद्र ओलांडताना तो दाखला. हॉलंडवाल्यांनी विचार सोडला. नऊपैकी तीन गेले, सहा अजून लंडनवाल्याच्या दुकानात टांगलेले आहेत. हे तो फोनवर मला सांगत होता, आणि बहुधा मला बरं वाटावं म्हणून शेवटी म्हणाला, चाचांना सांगा, आवाज अगदी पहिल्यासारखाच आहे, जराही फरक नाही, त्यांच्या हाताला तोड नाही.

मी मिरजेला गेलो. चाचा कोपऱ्यात बसून भोपळ्याचं तोंड घासत होते. ते काम हाताला कळतं. आता त्यांच्याशी बोलायचं तर कानाजवळ तोंड नेऊन ओरडावं लागतं. मी ओरडलो. लंडनवाला म्हणतो, आवाज पहिल्यासारखाच आहे! जराही फरक नाही!

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भोपळा फिरवून दुसरी बाजू वर केली.

"म्हंजे त्यालाबी ऐकू येत न्हाई," म्हणाले.

मी मोठ्याने हसलो. चाचा हसले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी का हसतोय ते कळावं म्हणून.